पाण्याच्या रॉकेटचा संच : सामान चोख, पण चौथ्या पानावर चिठ्ठी चिकटवावी लागली

जानेवारीत पाण्याच्या रॉकेटचा एक संच मागवला. किंमत १,८५० रुपये, घरपोचचे ९० वेगळे. पैसे माझेच, कारण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाआधी तो मला हातात हवा होता. आमची शाळा जिल्हा परिषदेची, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी. सहावी ते आठवीला विज्ञान मी शिकवते. विज्ञान दिनापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आम्ही या संचावर ६३ उड्डाणं केली आणि प्रत्येकाची नोंद वहीत आहे. कोणी शाळेसाठी किंवा घरच्या मुलांसाठी असा संच घेणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही.

खोक्यात तीन पायांचा प्लॅस्टिकचा स्टँड येतो. त्यावर बाटलीचं तोंड पकडून ठेवणारी कडी असते आणि ती ओढायला दहा मीटर दोरी. शिवाय दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंप, फोमच्या पत्र्याचे चार पंख, फोमचंच टोक, खाली येताना उघडणारी पातळ प्लॅस्टिकची छत्री, दोन रबरी वायसर आणि २४ पानी पुस्तिका, हिंदी आणि इंग्रजीत. बाटली आपली आपण आणायची, दोन लिटरची, आणि तीही गॅसच्या शीतपेयाचीच. हे पुस्तिकेत ठळक लिहिलंय ते फार बरं केलं. शीतपेयाची बाटली आतला दाब सोसायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याच्या पातळ बाटलीत कोणी हवा भरली तर ती फुटून डोळ्याला इजा होईल.

पहिलं उड्डाण शाळेमागच्या रिकाम्या शेतात केलं. कापूस निघून गेला होता, पऱ्हाट्याही उपटून झाल्या होत्या. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, काट्यावर ६० पीएसआय, म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या दाबाच्या साधारण दुप्पट. मुलांना दोरीपलीकडे उभं केलं आणि आठवीतल्या मुलीनं दोरी ओढली. बाटली वर जाताना कुणाला दिसलीच नाही. फट्‌ असा आवाज झाला, स्टँडभोवती पाण्याचा पांढरा फवारा उडाला आणि सगळ्या माना वर. "कथा गयं? कथा गयं?" म्हणजे कुठे गेलं, असा इकडच्या अहिराणी बोलीत एकच गलका. मग निळ्या आभाळात उलटी होणारी बाटली एका मुलाला दिसली आणि त्यानं बोट दाखवलं. बावीस वर्षं शिकवतेय, पण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या तासाला वर्ग असा उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

स्टँड आणि कडीला मी पैकीच्या पैकी गुण देते. ६३ वेळा ओढूनही कडी कधी अडकली नाही, आणि अडकलेली बाटली सोडवायला कुणाला जवळ जावं लागलं नाही. माझ्या दृष्टीनं ही संचातली सर्वांत मोलाची गोष्ट. घरी जुगाड करून स्टँड बनवता येतो, मी पूर्वी बनवलाही आहे, पण हवा भरलेल्या बाटलीजवळ मुलाला पाठवावं लागणार नाही याची खात्री त्यात नव्हती.

वायसरला मात्र गुण देता येत नाहीत. पहिलं नवव्या उड्डाणाला गळायला लागलं, दुसरं विसाव्याच्या आत गेलं. ४० पीएसआयच्या पुढे हवा चढेचना, बुडातून फुसफुस पाणी यायचं. कंपनीकडे सुटं वायसर मिळत नाही, आख्खा स्टँड घ्या म्हणाले. त्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ठिबकनं ग्रोमेट बसी जाई." त्याच्या वडिलांची केळी ठिबकवर आहे. मुख्य पाइपातून नळी काढताना जे काळं रबरी ग्रोमेट बसवतात, ते त्यानं दुसऱ्या दिवशी खिशातून आणलं. कडेनं जरा घासलं आणि बसलं. पुढची चाळीसेक उड्डाणं त्याच एका ग्रोमेटवर झाली. आमच्या जळगाव जिल्ह्यात ठिबकचं दुकान नाही असं बाजाराचं गाव नसेल, तेव्हा इकडच्या कुणी हा संच घेतला तर ग्रोमेट आधीच आणून ठेवा.

पंखांची अडचण आमच्या उन्हाची आहे. पुस्तिका सांगते, पंख गरम गोंदाच्या बंदुकीनं चिकटवा. फेब्रुवारीत ते छान टिकले. मार्चअखेरीस दुपारी अकरानंतर बाटली उन्हात ठेवली की गोंद मऊ पडून पंख सरकायचे. त्यातून एक रॉकेट आडवं जाऊन शेजारच्या केळीच्या बागेत शिरलं आणि दोन दिवस सापडलं नाही. मग शाळा सकाळची झाली तशी आम्ही उड्डाणंही साडेसातलाच आटोपायला लागलो, आणि पंख रुंद चिकटपट्टीनं बाटलीभोवती गुंडाळून बसवले. बाटल्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, एकीला तिथे बारीक तडे गेले. दर दहा उड्डाणांनी बाटली बदला.

पंखांवरून एक आठवलं. पुस्तिकेत लिहिलंय की टोकात ४० ग्रॅम माती भरा, पण का ते लिहिलेलं नाही. मी वर्गाला विचारलं, जड टोक कशाला? एका पावरा आदिवासी मुलानं लगेच उत्तर दिलं, तीर तसाच असतो, लोखंड पुढे आणि पिसं मागे, उलटं केलं तर तो हवेत कोलांट्या खातो. याहून नेमकं उत्तर मला देता आलं नसतं. वजनाचा मध्य पुढे हवा आणि वाऱ्याचा जोर जिथे एकवटतो ती जागा त्याच्या मागे हवी. मग रॉकेट जरा तिरकं झालं तरी वारा त्याची शेपटी ढकलून त्याला पुन्हा सरळ करतो. नंतर आम्ही प्रत्येक नवं रॉकेट जिथे त्याचा तोल साधतो तिथे दोरीला बांधून डोक्याभोवती फिरवून बघायला लागलो. टोक पुढे ठेवून फिरलं तर पास, वाकडंतिकडं फिरलं तर माती वाढवायची.

आता पुस्तिकेच्या चौथ्या पानाबद्दल, कारण हे सगळं लिहायला बसले ती त्यासाठीच. तिथे चित्रासह मोठ्या अक्षरांत वाक्य आहे: पाणी जोरानं जमिनीवर आणि हवेवर आपटतं, जमीन आणि हवा त्याला उलट ढकलतात, म्हणून रॉकेट वर जातं.

हे चूक आहे, आणि संचातल्या याच एका चुकीकडे मला काणाडोळा करता येत नाही. वायसर बदलता येतं. पण बारा वर्षांच्या मुलानं डोळ्यांनी रॉकेट उडताना पाहिलं आणि त्याच दिवशी हे वाक्य वाचलं, तर ते त्याच्या मनात खिळ्यासारखं बसेल, आणि पुढे चंद्रयान कसं चालतं हे त्याला कधीच कळणार नाही. चंद्राच्या वाटेवर ढकलायला हवा नाही आणि जमीनही नाही.

या चुकीचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९१९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि रॉकेट चंद्रापर्यंतही जाऊ शकेल असं त्यात मांडलं. १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखात त्यांची टिंगल झाली. मुद्दा चौथ्या पानावरचाच: पोकळीत ढकलायला काही नसताना रॉकेट पुढे जाईलच कसं, एवढं तर शाळेतल्या पोरांनाही कळतं. खरं म्हणजे गोडार्ड यांनी हवा काढून घेतलेल्या बंद नळ्यात रॉकेट पेटवून बघितलं होतं, आणि तिथे जोर कमी न होता उलट वाढला होता. पुढे १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी, एका शेतात, त्यांनी पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंद उडालं, साडेबारा मीटर उंच गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून आमचे आकडे पाहिले. आमची बाटली त्याच्या अडीचपट उंच गेली होती! त्यांचा आनंद मी मोडला नाही. एवढंच सांगितलं की आपल्या बाटलीतला जोर पंपानं भरलेल्या हवेचा आहे, आणि गोडार्ड यांनी तो इंधन जाळून तिथल्या तिथे तयार केला. चंद्रावर जाणारी पुढची वाट त्या साडेबारा मीटरांतून निघाली.

गोडार्ड १९४५ मध्ये गेले. त्या वृत्तपत्रानं चूक मान्य केली १७ जुलै १९६९ रोजी, पहिल्यांदा माणसं चंद्रावर उतरवणारं अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आपल्याकडचं उदाहरण याहून चांगलं आहे. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाजवळ पोचलं. त्या सकाळी त्याचं इंजिन सुमारे २३ मिनिटं जळलं, यान पुढे नेण्यासाठी नव्हे, तर वेग कमी करून मंगळाच्या कक्षेत अडकवण्यासाठी. तिथे ना हवा, ना जमीन. तरीही वेग कमी झाला, कारण इंजिनानं वायू ज्या दिशेला फेकला त्याच्या उलट दिशेला यान ढकललं गेलं. जे फेकलं जातं तेच फेकणाऱ्याला ढकलतं, मध्ये तिसरं कोणी लागत नाही.

मुलांना हे शब्दांत पटत नव्हतं, म्हणून बेअरिंगची गाडी आणवली. फळीला खाली चार बेअरिंग ठोकलेली, मुलं उतारावर खेळतात ती. शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर ती ठेवली, वर एका मुलीला मांडी घालून बसवलं आणि तिच्या मांडीवर दोन-दोन किलो वाळूच्या दहा पिशव्या दिल्या. पिशवी मागे फेक, जोरात. मागे पंधरा फूट मोकळा व्हरांडा, भिंत नाही, काही नाही. पिशवी हातातून सुटते न सुटते तोच गाडी पुढे सरकली, पिशवी अजून खाली पडलीही नव्हती. मुलांनी सात-आठ वेळा तेच करून पाहिलं. पिशवी जाडजूड गादीवर पडू दिली, मग फरशीवर आपटू दिली, एकदा तर झेलली. गाडीला काही फरक पडला नाही.

त्याच गाडीनं पुढचा धडाही शिकवला आणि तो मी ठरवला नव्हता. गाडीवरची मुलगी म्हणाली, पहिली पिशवी फेकली तेव्हा गाडी जेमतेम हलली आणि शेवटची फेकली तेव्हा जोरात गेली. असं का? कारण पहिली पिशवी फेकताना उरलेल्या नऊ पिशव्यांचं वजनही ढकलावं लागतं. रॉकेटचं सगळं दुखणं हेच आहे. इंधन वाहून न्यायला इंधन लागतं, आणि तेही वाहायला आणखी.

हे गणितात बसवलं ते रशियातल्या एका शाळामास्तरनं. कॉन्स्टँटिन सिओल्कोव्स्की, जन्म १८५७. दहाव्या वर्षाच्या सुमाराला लालज्वर झाला आणि ऐकू येणं जवळजवळ गेलं. शाळा सुटली, मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून स्वतः शिकले, आणि कालुगा नावाच्या गावात गणित शिकवत १९०३ मध्ये त्यांनी रॉकेटचं समीकरण प्रसिद्ध केलं. आयुष्यात एकही रॉकेट त्यांनी उडवलं नाही. पुस्तिकेत त्यांच्यावर अर्धं पान आहे आणि ते सुरेख लिहिलंय. ते शिक्षक होते हे मी वर्गात दोनदा सांगितलं.

समीकरण आठवीच्या पलीकडचं आहे, पण त्याचा अर्थ आकड्यांनी सांगता येतो. ६० पीएसआयला आमच्या बाटलीतून पाणी सुरुवातीला सेकंदाला साधारण २८ मीटर वेगानं सुटतं. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या इंजिनातून वायू सुटतो सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर, म्हणजे शंभरपटीहून जास्त. तरी तेवढ्यानं भागत नाही. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरत राहायचं तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग हवा. त्या वेगानं जळगावहून भुसावळ तीन-सव्वातीन सेकंदांत येईल. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाचं ओढणं धरलं तर रॉकेटला नऊ किलोमीटरच्या वरची तयारी करावी लागते. ३ किलोमीटरवाल्या इंजिनानं ती एकाच दमात करायची म्हटली, तर उड्डाणाच्या वेळचं वजन रिकाम्या रॉकेटच्या वीसपटीहून जास्त निघतं. म्हणून टप्पे करतात. जळून रिकामी झालेली टाकी आणि तिचं इंजिन टाकून द्यायचं, उरलेलं हलकं होऊन पुढे जातं. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटला असे चार टप्पे असतात. चंद्रयान-३ घेऊन १४ जुलै २०२३ ला निघालेल्या रॉकेटचं वजन ६४० टन होतं आणि चंद्राकडे गेलं त्यातलं ३.९ टन. मी फळ्यावर असं लिहिलं: प्रत्येकी सोळा टन केळीचे चाळीस ट्रक निघाले आणि मुक्कामाला पोचली एक ट्रॉली.

हे एकदा समजलं की पाण्याचे प्रयोग फार गोड होतात, आणि संच खरा वसूल होतो तो इथे. उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला नट बांधला. स्टँडपासून चाळीस मीटरवर उभं राहायचं आणि रॉकेट सर्वांत वर असताना कोन वाचायचा. ६०० मिलिलिटर पाण्याला कोन ३८ अंश आला, म्हणजे उंची ३१ मीटर, त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवायची. पाणी न घालता नुसती हवा भरली तर दहा मीटरही गेलं नाही, कारण फेकायला वजनदार काही नव्हतंच. दीड लिटर पाणी भरलं तर हवेला जागाच उरली नाही, बाटली झाडाच्या उंचीपर्यंतही न जाता पाण्यासकट परत आली. एक लिटरला बावीस मीटर, तीनशे मिलिलिटरला चोवीस. हा आलेख आठवीच्या मुलांनी स्वतः काढला आणि त्यातला उंचवटा सहाशेच्या जवळ येतो हेही त्यांनीच शोधलं. पुस्तिकेत तिसरा हिस्सा पाणी भरा असा हुकूम आहे. करून बघा असं लिहायला हवं होतं.

छत्रीबद्दल थोडक्यात. ती सहसा उघडत नाही. ६३ पैकी अकरा वेळा उघडली. टोक सैल बसवल्यावर थोडं बरं झालं. ज्याला छत्री हवी म्हणून संच घ्यायचा आहे त्यानं घेऊ नये.

पुस्तिकेतला इतिहास मला एरवी आवडला. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक, ४ ऑक्टोबर १९५७, वजन ८३.६ किलो. अंतराळात गेलेला पहिला माणूस गागारिन, १२ एप्रिल १९६१, १०८ मिनिटं. भारतातलं पहिलं रॉकेट जिथून उडालं त्या थुंबाची दोन पानं तर मी मोठ्यानं वाचून दाखवली. चुंबकीय विषुववृत्त जवळ म्हणून निवडलेलं केरळातलं मच्छीमारांचं गाव, तिथल्या चर्चच्या इमारतीतलं कार्यालय, सायकलवर बांधून नेलेला रॉकेटचा भाग आणि २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी रॉकेटनं आकाशात पसरवलेला सोडियमचा नारिंगी ढग. ज्या मुलांनी आपलं रॉकेट सायकलला बांधून शेतात नेलं, त्यांना तो सायकलीचा फोटो फार जवळचा वाटला. मात्र म्हैसूरचं नाव त्यात कुठेच नाही. हैदर आणि टिपू यांच्या फौजेची रॉकेटं लोखंडी नळीची होती, म्हणून ती जास्त दाब सोसायची आणि लांब जायची. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्लंडला नेली आणि ती अभ्यासून विल्यम काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजानं स्वतःची बनवली. भारतात विकायच्या पुस्तिकेत याला चार ओळी मिळायला हव्या होत्या.

चौथ्या पानाबद्दल कंपनीला मी दोनदा लिहिलं. पुढच्या छपाईत बघू असं उत्तर आलं. मी वाट पाहिली नाही. आठवीच्या वर्गाला सांगितलं, त्या वाक्यावर चिकटवायला दुसरं वाक्य लिहून द्या. सतरा चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक अहिराणीत होती आणि तीच चिकटवली: "पानी खाले गयं म्हनीसन बाटली वर गयी." जमीन नाही, हवा नाही, जेवढं घडतं तेवढंच.

घ्यावा का? शाळेसाठी जरूर घ्या, स्टँडसाठी घ्या. सोबत चार ग्रोमेट, रुंद चिकटपट्टी आणि डोळे जपणारा प्रत्येकी एक चष्मा धरून दोन-सव्वादोन हजारांची तयारी ठेवा. काटा ६० च्या पुढे कधीही नेऊ नका, मुलांनी कितीही आग्रह केला तरी. घरी एकट्या मुलाच्या हाती देऊ नका.

सध्या सातवीतली तिघं दोन बाटल्या एकावर एक लावून दोन टप्प्यांचं रॉकेट करायच्या खटपटीत आहेत. खालची बाटली रिकामी झाल्यावर वरची सुटली पाहिजे, तोवर नाही. त्यासाठी मधली कडी वेगळी लागते आणि ती या संचात नाही. तशी कडी कोणी विकत असेल, मराठी पुस्तिकेसह, तर जून उजाडण्याआधी मला कळवा. पैसे आधी पाठवते.